भिंतीकडचे बोंबील

मानसी परब आमच्या वर्सोवा कोळीवाड्यात पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. माझा स्वभाव इतका वाईट नाही, पण त्या दिवसांत शिकलेली माणसं मला डोळ्यांसमोर नको झाली होती. कोणी सर्व्हे करायला यायचं, कोणी कॉलेजच्या पोरी घेऊन यायचं, "किती छान परंपरा आहे हो तुमची" म्हणायचं, जाताना सुके बोंबील बांधून न्यायचं आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही. त्यामुळे बोरिवलीहून आलेली ही चष्मेवाली बाई खांद्याला जाडजूड पिशवी लावून माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, फोटो काढायचे असतील तर तिकडे जेट्टीवर काढा. इथे कामं चाललीयत."

"फोटो नकोत मला," ती म्हणाली. "धूळ बघायचीय."

धूळ बघायला आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्या मासळी सुकवायच्या मैदानाला एका बाजूने खाडी आणि दुसऱ्या बाजूने भिंत आहे. त्या भिंतीपलीकडे काँक्रीट बनवायचा प्लांट आला आणि आमचे दिवस फिरले. बांबूंच्या चौकटीला दोऱ्या ताणून आम्ही वलांडी बांधतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते जोडीने दोरीवर टाकायचे आणि उन्हावाऱ्यात सुकवायचे. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. त्याच्या ओल्या अंगावर सिमेंट बसलं की ते तिथेच धरतं. मग धुऊन जात नाही, की झटकून जात नाही.

आम्ही तक्रारी केल्या. साहेब म्हणाले, मुंबईभर बांधकामं चाललीयत, ही धूळ कुठली ते कसं ठरवणार, पुरावा आणा. पुरावा काय बाजारात मिळतो? माझी मैत्रीण श्रुतिका अंधेरीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. तिच्याकडे मी तोंड भरून शिव्या देत होते, ते शेजारच्या टेबलावर डबा खात बसलेल्या मानसीने ऐकलं. ती तिथे केमिस्ट्री शिकवते. आली ती अशी.

तिने पहिल्या दिवशी काहीच तपासलं नाही. वलांडीखाली सावलीत बायका बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसली आणि विचारलं, "तुम्हाला काय शोधून काढायचंय?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शांताबाई म्हणाली, "तूच शिकलेली ना गं? तुलाच ठावं."

"मला धूळ मोजता येते. पण कुठली मोजायची, कशासाठी, ते तुम्ही ठरवायचं. निकाल आला की आधी तुमच्या हातात. तुम्ही म्हणाल तिथेच तो जाईल. फक्त एक गोष्ट. निकाल काय यावा, ते तुम्ही सांगायचं नाही."

माझी सासू कृष्णाबाई तोवर गप्प होती. आमच्या मैदानावरच्या बायकांत तिचा शब्द चालतो. बाजारात तिच्या टोपलीतला बोंबील कोणी नाकाशी धरून बघत नाही, इतका तिचा लौकिक. तिने विचारलं, "आनि इरुद्ध आला तर?"

"तर विरुद्धच सांगेन, मावशी. पण तुम्हाला सांगेन."

मला हा बाणेदारपणा जरा जास्तच वाटला. आमच्या घरात आग लागलेली आणि ही पाण्याचे नियम सांगतेय. मी तसं बोललेही. तेव्हा मानसीने आपल्या वडिलांचं सांगितलं. मालवणकडून आलेले, लोअर परळच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. खोकून खोकून छाती फुटायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरने विडीमुळे झालंय असं लिहून दिलं. "बाबांनी जन्मात विडी ओढली नाही," ती म्हणाली. "त्यांनी तसं सांगितलं, पण त्या कागदावर त्यांना विचारून कोणी काही लिहिलं नव्हतं." एवढंच बोलली आणि चष्मा पुसत बसली. मग मी उठून पाणी आणलं.

दिसायला ती अगदी साधी. कुठल्याही स्टॉपवर उभी असेल आणि तुमचं लक्ष जाणार नाही. पित्ताचा त्रास, त्यामुळे पर्समध्ये कायम आवळा. मालवणी असल्यामुळे मासळीच्या भावावरून मात्र वाघीण. धूळ मोजायला यायची आणि परत जाताना आमच्यातल्या सुनंदाशी मांदेलीवरून अशी भांडायची की लोक जमायचे. चिडली की शहरी मराठी गळून पडायची आणि "गे बाये, लुटतंस काय माका" सुरू व्हायचं. बायकांना ती याच कारणाने आवडायला लागली. जिच्याशी भांडता येतं ती आपली.

रुंद तोंडाच्या बरण्या बांबूला बांधून मैदानात लावायच्या ठरल्या. कुठे लावायच्या ते बायकांनी दाखवलं. एक बरणी तिने लांब, जेट्टीच्या टोकाला लावायला सांगितली, तेव्हा शांताबाई म्हणाली, "तिथं तर धूल पडत नाय."

"म्हणूनच," मानसी म्हणाली. "तिथे नाही आणि भिंतीकडे आहे, हे दिसलं तरच धूळ भिंतीपलीकडची ठरेल ना?"

शांताबाईने मान डोलावली आणि नंतर आठवडाभर ज्याला त्याला ते समजावून सांगत फिरली. बरण्या कावळ्यांनी पाडू नयेत म्हणून बायकांनी पाळ्या लावल्या. हळूहळू हे प्रकरण आमचं झालं. तोवर प्लांटचा परवाना पुढे चालू ठेवायचा की नाही यावर सुनावणी लागल्याचं पत्र आलं. परवाना वाढला असता तर भिंतीकडचं निम्मं मैदान आमच्या हातून गेलंच असतं. तिथे मासळी टाकण्यात काही अर्थच राहिला नसता.

बरण्यांचा निकाल आला तो झकास. भिंतीकडच्या बरण्यांत सिमेंट, जेट्टीवरच्या बरणीत जवळजवळ काही नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मानसी मात्र उभीच.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "भिंतीकडचे बोंबील मावशींनी मला दिले होते ना, तेही तपासले. ते स्वच्छ आहेत."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. माझं डोकं सणकलं. "म्हणजे प्लांटवाले म्हणणार, धूळ पडते पण तुमचं नुकसान काय? वाट लागली ना आमची! हे कशाला तपासलंस तू?"

"तुम्हीच म्हणालात ना, मासळीला काय होतं ते बघ."

"मग आता ते सांगू नकोस कुणाला."

"तुम्ही सांगा म्हणाल तेव्हाच सांगेन. पण समीक्षा, थांब जरा. बरणीत सिमेंट आहे आणि तिच्या खालीच टांगलेल्या ओल्या बोंबलाला नाही, असं कसं होईल? दोन्ही खरं असू शकत नाही." ती सासूबाईंकडे वळली. "मावशी, ते बोंबील तुम्ही कुठून काढून दिलेत?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना ओळखते. त्या पदराला हात लावतात तेव्हा काहीतरी असतं.

"आई?" मी म्हटलं.

"खाडीकडचे दिले," त्या म्हणाल्या. "निवडून."

"अहो, पण तिने भिंतीकडचे मागितले होते!"

"मागितले असतील. परक्या मानसाच्या हातात मी तसला माल देईन? कोलीन हाय मी. आमच्या मैदानातून वाईट बोंबील कुनाच्या घरी गेलेला नाय."

आमच्याकडची ही रीतच आहे. दोरीवरून उतरवलेला माल निवडल्याशिवाय मैदानाबाहेर जात नाही. काळपट, करडा, तुटका असेल तो बाजूला काढून कोंबड्यांच्या खाद्याला द्यायचा. आणि पाहुण्याला द्यायचा तर त्यातलाही उत्तम. सासूबाईंना त्यांच्या हाताने कोणाला वाईट मासा द्यायला सांगणं म्हणजे त्यांना बाजारात अनवाणी चालायला लावण्यासारखं होतं. खोटेपणा नव्हता तो, अब्रू होती. पण त्या अब्रूने आमचा घात केला असता.

मानसी उलट्या घातलेल्या क्रेटवर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग चष्मा पुसून म्हणाली, "मावशी, आता मला तुमचा वाईट माल द्या. आणि त्याच दोरीवरचा, तुम्ही निवडून बाजारात पाठवाल तोही द्या. सगळ्यांच्या समोर."

"चांगला कशाला?"

"बघायला."

सगळ्यांच्या देखत दोन पिशव्या भरल्या. दोन्हींतले बोंबील भिंतीकडच्या एकाच दोरीवरचे. एका पिशवीत सासूबाईंनी टाकलेले, दुसरीत त्यांनी पास केलेले. वाईट माल मानसीच्या हातात देताना सासूबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

हा निकाल यायला वेळ लागला. मानसीने आपल्या लॅबमध्ये तपासलं आणि खात्रीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेतही पाठवलं. तिच्या कॉलेजात कुजबुज सुरू झाली होती. प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं, कॉलेजचं नाव कुठे यायला नको. तिने रजा टाकली. आम्हाला ते श्रुतिकाकडून कळलं. तिने स्वतः एक अक्षर काढलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, ती आमच्या घरी आली. मैदानात गेली नाही, थेट घरात. सासूबाई चूल पेटवायच्या बेतात होत्या. मानसी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिचा चेहरा बघून मी हातातलं काम खाली ठेवलं.

"मावशी, आधी तुम्हाला सांगते. मग बाकीच्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"बोल."

"तुम्ही टाकलेल्या बोंबलांत सिमेंट आहे. खूप."

"ता तर मना दिसतंच."

"आणि तुम्ही निवडलेल्यांतही आहे."

सासूबाईंना काही कळलं नाही.

"कमी आहे, पण आहे. इतकी बारीक पूड की डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या अंगात शिरलीय. मलासुद्धा दिसली नसती. मशीनमध्येच दिसली."

"म्हंजे," सासूबाई थांबल्या. "म्हंजे मी बाजारात इकले ते?"

मानसीने मान हलवली. "भिंतीकडचे जे गेले, ते. हो."

मी भडकले. का भडकले ते आजही नीट सांगता येणार नाही. समोर बसलेल्या त्या बाईचा काही दोष नव्हता, पण सासूबाईंचा चेहरा मला बघवेना. "हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आपण!" मी ओरडले. "तुला कोणी सांगितलं होतं चांगला माल तपासायला? उद्या हे बाहेर पडलं तर वर्सोव्याचा बोंबील कोण विकत घेईल? त्यांच्या प्लांटचं काय, तो दुसरीकडे जाईल. आम्ही कुठे जायचं?"

मानसीही चढली. "आणि लोक खातायत त्यांचं काय गे? माका समजना नाय असा वाटतां तुका? दोन दिस मी झोपाक नाय!"

"गप," सासूबाई म्हणाल्या. "मैदानात चल. बायकांना सांग. सगला सांग."

मैदानातली ती बैठक मला नको वाटते आठवायला. मानसीने आडपडदा न ठेवता सांगितलं, तिथेच बसून राहिली आणि जे वाट्याला आलं ते ऐकून घेतलं. सुनंदा रडायला लागली. शांताबाई म्हणाली, हे बाहेर काढणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? शेवटी ठरलं असं की उद्या फक्त बरण्यांचा निकाल मांडायचा. मासळीचं नाव काढायचं नाही.

"ठीक," मानसी म्हणाली. "निकाल तुमचा आहे. पण दोन गोष्टी. भिंतीकडचा एकही बोंबील आजपासून बाजारात जाता कामा नये. यात मी ऐकणार नाही."

"दोऱ्या उतरवल्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कोणाला विचारलं नाही. "दुसरी?"

"उद्या मला कोणी सरळ विचारलं, मासळी तपासली का, तर नाही म्हणणार नाही. तुमची परवानगी नसेल तर तपासली म्हणेन, पण निकाल सांगणार नाही. गप्प राहीन. पण खोटं नाही बोलणार."

"गप्प राहिलीस तर सगळ्यांना कळेलच की!" मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "ते मला माहितीय."

सुनावणी अंधेरीतल्या एका सरकारी हॉलमध्ये होती. आम्ही सगळ्या नऊवारीत गेलो होतो, अंगावर असतील तेवढे दागिने घालून, कारण सासूबाईंचं म्हणणं होतं की गाऱ्हाणं मांडायला गेलं तरी भिकाऱ्यासारखं जायचं नाही. बरण्यांचं शांताबाईने सांगितलं. घाबरली होती, पण जेट्टीवरची बरणी कशाला लावली हे तिने असं समजावलं की सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई पुढे वाकून ऐकायला लागल्या. मला वाटलं, जमलं. मासळीचा विषय निघणारच नाही.

मग प्लांटचा वकील उठला. तरुण, गोड बोलणारा. तो बरण्यांवर बोललाच नाही.

"समजा, धूळ पडते," तो म्हणाला. "मला फक्त मावशींना एक विचारायचंय. मावशी, तुम्ही बोंबील विकता ना?"

"इकते," सासूबाई म्हणाल्या.

"भिंतीकडच्या दोरीवरचेही विकत होतात?"

"होय."

"खराब माल विकता का हो तुम्ही?"

मी डोळे मिटून घेतले. हा प्रश्न दुसऱ्या कोणालाही विचारला असता तर चाललं असतं. सासूबाईंच्या मानेची शीर ताठ झाली. "मी जन्मात खराब माल इकला नाय!" त्या माइकमध्ये म्हणाल्या. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

वकील हसला. "तेच म्हणतो मी. माल चांगलाच आहे. मग नुकसान कसलं?"

इकडे आड, तिकडे विहीर. चांगला म्हणावं तर केस गेली, खराब म्हणावं तर सासूबाई खोट्या. अधिकारी बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. वकील बसायला निघाला आणि सहज आठवल्यासारखा वळला. "मॅडम, आपण शास्त्रज्ञ आहात. मासळी तपासलीत का?"

मानसी उभी राहिली. "हो."

"काय आलं?"

तिने मान वळवली आणि आमच्या बाकाकडे बघितलं. माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे.

"मॅडम, प्रश्न तुम्हाला आहे," वकील म्हणाला.

"उत्तर त्यांचं आहे," मानसी म्हणाली.

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. अधिकारी बाई म्हणाल्या, "असं चालणार नाही. तपासलं असेल तर सांगा." मानसीच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता, पण ती सासूबाईंकडेच बघत होती. मला तिचा राग आला, दया आली, आणि त्या क्षणी मला वाटलं की आता या बाईने खाली बसावं, गेली केस तर गेली, पण आमच्या म्हातारीला असं सगळ्यांसमोर उभं करू नये. सुनंदाने माझा हात घट्ट धरला होता. बांगड्या रुतत होत्या.

"मावशी," मानसी म्हणाली. "सांगू?"

आता त्यांनी होय म्हटलं की मघाशी त्या स्वतः जे बोलल्या ते खोटं पडणार होतं, आणि ज्या एका गोष्टीवर त्या बाजारात मान वर करून बसल्या ती गोष्ट जाणार होती. हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं?

"सांग, बाय," त्या म्हणाल्या.

मानसीने सांगितलं. साध्या शब्दांत. पहिला नमुना खाडीकडचा होता, तो स्वच्छ निघाला, हेही सांगितलं. दुसऱ्यांदा भिंतीकडच्या निवडलेल्या मालातही सिमेंट मिळालं, हेही. वकील लगेच म्हणाला, "म्हणजे मावशी आत्ता खोटं बोलल्या?"

"नाही," मानसी म्हणाली. आवाज मोठा होता. "त्यांनी डोळ्यांनी निवडलं, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं. भिंतीपलीकडून काय उडतंय हे तुमच्या लोकांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं का यांना?"

अधिकारी बाईंनी सासूबाईंना विचारलं, काही बोलायचंय का. सासूबाईंनी माइक हातात घेतला. "मी बोललू, खराब माल इकला नाय. पन माझ्या हातून तो लोकांच्या पोटात गेला. मना म्हाईत नव्हता. आता म्हाईत हाय. आता तुमाला पन म्हाईत हाय." मग माइक परत ठेवताना तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना, आणि मी उठून घेतला.

प्लांट पूर्ण झाकून घेतल्याशिवाय आणि पुन्हा तपासणी झाल्याशिवाय चालवायचा नाही, असा आदेश झाला. बायकांनी हॉलबाहेर एकमेकींना मिठ्या मारल्या. पण घरी पोचेपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. त्यात खाडीकडचे बोंबील स्वच्छ आहेत हे वाक्यच नव्हतं. फक्त वर्सोव्याच्या बोंबलात सिमेंट, एवढंच. संध्याकाळी आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, सध्या माल पाठवू नका. सुनंदाने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. कोणी मानसीला शिव्या दिल्या, कोणी सासूबाईंना. त्यांच्या तोंडावर मात्र कोणी बोललं नाही.

मला वाटलं, मानसी आता यायची नाही. निकाल लागला, तिचं काम झालं. रविवारी सकाळी सासूबाई टोपली घेऊन चार बंगल्याच्या बाजारात बसायला निघाल्या, मी बरोबर होते, तर ही आमच्या आधीच तिथे येऊन उभी. "खाडीकडचा माल मी पुन्हा तपासलाय," म्हणाली. "कोणी विचारलं तर सांगायला आलेय." आणि बसली खाली, सासूबाईंच्या शेजारी, ओल्या फरशीवर.

बराच वेळ कोणी आलंच नाही. लोक टोपलीकडे बघून पुढे जात होते. शेजारच्या कोळणीचा माल संपत आला होता. मग सासूबाईंचं जुनं गिऱ्हाईक राधाताई आली. वर्षानुवर्षं आमच्याकडूनच घेते. तिने बोंबील हातात घेतले, उलटसुलट केले.

"मावशी, हे... वर्सोव्याचे नाहीत ना?"

माझं माहेर खाडीपलीकडच्या मढचं. "मढचे आहेत" एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. कोण तपासायला येणार होतं?

"वर्सोव्याचेच हायत," सासूबाई म्हणाल्या. "खाडीकडचे. चांगले हायत. ही बाय हाय, तिना तपासले."

राधाताईने मानसीकडे बघितलं, बोंबलांकडे बघितलं, आणि ते हळूच टोपलीत परत ठेवले. "पुढच्या खेपेला घेते हं," म्हणाली आणि गेली.

मानसीला रडू फुटलं. भर बाजारात, ओल्या फरशीवर बसून, शाळेतल्या पोरीसारखी. "मावशी, मी तिथे बोलले नसते तर..."

सासूबाईंनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. टोपलीतले बोंबील त्या सारखे करत होत्या.

"तू इचारलास ना मना?"

"हो, पण..."

"मग? सांगितला मी. तू नुसती बोललीस."

आणि नेहमीपेक्षा मोठा आवाज काढून त्यांनी हाक दिली, "बोंबील घ्या, वर्सोव्याचे बोंबील!"